विवर भरते की वाढते?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका अकरावीतल्या मुलीची शंका आहे: ‘एका लेखात "कृष्णविवराची वाढ" आणि "यजमान दीर्घिका" हे शब्द वाचले. आमच्याकडे पेवात हळद ओतली की पेव भरते, वाढत नाही. मग विवर कसे वाढेल? आणि यात यजमान कोण, पाहुणा कोण?’

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आणि जिच्या मध्याशी कृष्णविवर असते ती त्याची यजमान दीर्घिका. पेव पाहिलेल्यालाच सुचेल अशी ही शंका. अरुंद तोंडाचे, ऐसपैस पोटाचे ते जमिनीतले कोठार जेवढे खणले तेवढेच राहते. खड्डा खणल्याने वाढतो आणि भर टाकली की बुजतो, ही आपल्या भाषेची समज. ‘विवर’ही तसेच. वि + वृ म्हणजे उघडणे. जे उघडले गेले ते विवर. ‘विवरण’ त्याचेच भावंड, तिथे अर्थ उघडून दाखवायचा असतो. लोणारचे विवर गाळ साचला तर उथळच होणार.

कृष्णविवर मात्र पोकळ नाही. तिथे वस्तुमान इतके दाटलेले असते की एका हद्दीच्या आतून प्रकाशही सुटत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या या हद्दीची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरते. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पट. टाकाल तेवढे ते रुंदावते. म्हणून ‘वाढ’ बरोबर आहे. पण मला ‘पोसणे’ जास्त नेमके वाटते. ज्वारीचे कणीस पोसले म्हटले की ज्या ताटावर, ज्या ओलीवर ते पोसले तीही डोळ्यांपुढे येते. कृष्णविवर पोसते ते दीर्घिकेतल्या वायूवर.

आणि हे नाते मोजता येते! दीर्घिकेचा मधला फुगवटा जितका भारी, तितके तिथले कृष्णविवर जड. फुगवट्याच्या साधारण हजारात एक ते पाच भाग. फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांत जितकी तफावत, तितकेही ते जड, हे २००० साली दोन संशोधक गटांनी दाखवले. यातले बहुतेक तारे इतके दूर असतात की कृष्णविवराची ओढ त्यांना जाणवू नये, तरी हिशेब जुळतो. आपल्या आकाशगंगेतले कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढे, तर एम ८७ या प्रचंड दीर्घिकेतले सुमारे साडेसहा अब्ज.

आता यजमान. मूळ अर्थ यज्ञ करणारा, पुढे घरधनी. पाहुणा येतो, जेवतो, जातो. घर होते तसे राहते. इथे तसे घडत नाही. आत ओढला जाणारा वायू भयंकर तापतो, त्यातून झोत आणि वारे सुटतात. ते दीर्घिकेतला उरलेला वायू तापवतात, बाहेर हाकलतात. मग नवे तारे जन्मणे मंदावते, आणि कृष्णविवराचाही घास तुटतो. हा पाहुणा नव्हे, घरातलाच खाणारा.

त्यामुळे ‘यजमान’ चूक नसले तरी माझी पसंती ‘पोशिंदी दीर्घिका’ला. शेतकऱ्याला आपण पोशिंदा म्हणतो, तोच शब्द. परीक्षेत ‘यजमान’च लिही, मैत्रिणींना समजावताना ‘पोशिंदी’ वापरून बघ.