‘हाफ-टिंबर्ड’ घर मराठीत कसं उभं करायचं?

प्रश्न एका अनुवादक बाईंचा. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या लॅव्हनम या जुन्या गावावरचा मजकूर त्या मराठीत आणताहेत. त्यात पावलोपावली ‘हाफ-टिंबर्ड हाउस’ येतं. त्याला ‘अर्धलाकडी घर’ म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. नमुन्यादाखल एक वाक्यही पाठवलंय: ‘हे अर्धलाकडी घर उंच रस्त्यावर असून त्याच्या वरच्या मजल्याला धक्का आहे.’

‘अर्धलाकडी’ वाचून माझ्या डोळ्यांसमोर खाली दगडी जोतं आणि वर फळ्यांची माडी असलं काहीतरी आलं. लॅव्हनमची घरं तशी नाहीत. तिथलं ‘हाफ’ कोणी ओंडके उभे चिरून निम्मे केल्यामुळे आलं म्हणतात, तर कोणी निम्मं लाकूड आणि निम्मी भर म्हणून आलं म्हणतात. दोन्हींपैकी काहीही धरा, मराठीत ‘अर्ध’ आणून वाचकाच्या हाती काही पडत नाही. तेव्हा घर बांधतात कसं, तेच आधी बघू.

ओकचं ओलं लाकूड घ्यायचं, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. खांब, तुळया, तिरप्या टेकण्या सगळं सुताराच्या अंगणात आडवं मांडून जुळवायचं. एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. प्रत्येक सांध्यावर दोन्ही लाकडांना एकच खूण कोरायची, बहुधा रोमन आकड्यांची. मग सगळं सुटं करून जागेवर न्यायचं आणि खुणा जुळवत उभं करायचं. या खुणा जुन्या तुळयांवर अजून दिसतात, आणि चारचा आकडा पुष्कळदा चार उभ्या रेघांचाच असतो. पुढे लाकूड वाळतं, पिळवटतं आणि घर एका अंगाला कलतं. लॅव्हनमच्या हाय स्ट्रीटवरचं ‘क्रुकेड हाउस’ त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

थोडक्यात, घराचा सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर, आणि भिंत केवळ आडोशाला. या भिंतीसाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे की तो सोडून भलतीकडे शोधाशोध करणं म्हणजे काखेत कळसा. तो शब्द म्हणजे कूड. इंग्रजीत याला ‘वॉटल अँड डॉब’ म्हणतात. सांगाड्याच्या चौकटीत उभ्या काठ्या बसवायच्या, त्यांतून हेझलच्या लवचीक काटक्या आडव्या विणायच्या, वरून चिकणमाती, चिरलेलं गवत आणि शेण यांचा गारा थापायचा, शेवटी चुना. हेझलच्या जागी कारवी घाला की तुम्ही थेट सह्याद्रीत आलात. आमच्या आजोळी पडवीतली एक भिंत अशीच होती. लिंपण सुटलं की आतल्या काठ्या फासळ्यांसारख्या दिसायच्या, आणि जिथे शाबूत होतं तिथे थापणाऱ्या बाईची चार बोटं उमटलेली. जुनी इंग्रजी घरं दाखवताना पुष्कळदा गिलाव्याचा एखादा चौकोन उघडा ठेवून वर काच बसवतात. त्या काचेआड नेमकं हेच असतं.

कूड हा संस्कृत ‘कुड्य’च्या, म्हणजे भिंतीच्या, कुळातला. कपट या अर्थाचा ‘कूड’ वेगळा, तो ‘कूट’कडचा. आणि ‘कुडा’ हे औषधी झाड तर निराळंच. त्याचं सामान्यरूप ‘कुड्या’ होतं, म्हणून साल कुड्याची आणि भिंत कुडाची. हा घोळ छापील मजकुरातही दिसतो, म्हणून सांगून टाकलं. जाता जाता एक गंमत: जर्मनमध्ये भिंतीला ‘वांट’ म्हणतात, आणि तो शब्द गुंडाळणं, वळणं या अर्थाच्या क्रियापदापासून आलाय. म्हणजे त्यांच्याही पूर्वजांची भिंत विणलेलीच. ‘डॉब’चं मूळ लॅटिनमध्ये ‘पांढरं करणं’ असं आहे, म्हणजे आपली सफेतीच.

मग सरळ ‘कुडाचं घर’ म्हणावं का? इथे मात्र मी थांबेन. मराठीत कुडाचं घर म्हटलं की गरिबी आलीच. लॅव्हनमची घरं बांधली ती कापडवाल्यांनी, आणि ते गबर होते. तिथलं निळं लोकरी कापड परदेशी जायचं. 1524 च्या करआकारणीत हे एवढंसं गाव इंग्लंडच्या श्रीमंत गावांत चौदाव्या क्रमांकावर होतं. पुढे कोल्चेस्टरकडे डच निर्वासित विणकरांनी हलकं, स्वस्त कापड आणलं, लॅव्हनमचा धंदा बसला, आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाच्या गाठीला पैसा उरला नाही. म्हणून ती घरं टिकली. तेव्हा भिंतीला बेधडक ‘कूड’ म्हणा, घराला मात्र ‘लाकडी सांगाड्याचं घर’. लांबलचक वाटेल, पण पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे ‘सांगाड्याचं घर’ एवढं पुरतं.

‘काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घरं’ हा पर्याय कोणी सुचवला तर घेऊ नका. लाकूड डांबरासारखं काळं रंगवायची हौस बरीचशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. सफकमध्ये ओक तसाच राखाडी सोडतात किंवा त्याच्यावरूनही चुना फिरवतात, आणि गिलावा गुलाबी नाहीतर पिवळसर असतो.

आता ‘बे’. मजकुरात पुढे ‘थ्री-बे हाउस’ येईलच. तिथे खिडकी, कोनाडा, उपसागर यांपैकी काहीही लिहू नका. खांबांच्या दोन जोड्यांमधली जागा म्हणजे ‘बे’, ढोबळमानाने 16 फुटांची, आणि जुन्या कागदांत घराचं माप याच हिशेबात सांगतात. आपल्याकडे याला खण म्हणतात. ‘तीन खणी घर’ म्हटलं की वाड्यात वाढलेला माणूस लगेच समजतो. आपला खण मापाने लहान, पण मोजायची रीत तीच. (टेबलाचा खण आणि चोळीचा खण आठवून कोणी हसलं तर हसू दे.)

तुमच्या वाक्यातला धक्का मात्र मला फार आवडला. ‘जेटी’ बंदरावर असली तर धक्का खरा. घराची जेटी म्हणजे खालच्या भिंतीच्या पुढे, रस्त्यावर डोकावणारा वरचा मजला. ‘सज्जा’ म्हणावंसं वाटेल, पण सज्ज्यात माणूस उघड्यावर येतो आणि इथे अख्खी खोलीच पुढे आलेली असते. सरळ ‘पुढे काढलेला मजला’ म्हणा.

रस्त्यांचं म्हणाल तर ‘हाय स्ट्रीट’मधला ‘हाय’ उंचीचा नव्हे, मानाचा. ‘थोरली आळी’ मला सगळ्यात जवळचं वाटतं. पाटीवरचं नाव भाषांतरू नये, पण अर्थ सांगताना ‘आळी’ वापरावी, कारण आळीत दोन्ही बाजूंच्या घरांची रांग धरलेली असते आणि रस्त्यात फक्त वाहनं. ‘वॉटर स्ट्रीट’ वाचून नदीकाठ डोळ्यांसमोर आणू नका. तिथला ओढा 1500 च्या सुमारास बांधलेल्या नाल्यातून घरांच्या आणि रस्त्याच्या खालून वाहतो. गावाला बाजाराची सनद 1257 सालची, त्यामुळे जुन्या काळाबद्दल लिहिताना ‘कसबा’ शोभून दिसेल. तिकडे कॉट्सवोल्डमधल्या चिपिंग कॅम्पडनचं ‘चिपिंग’ म्हणजे बाजारच. आपलं चांदूर बाजार तसं ते कॅम्पडन बाजार.

‘गिल्डहॉल’ला ‘विणकर संघाची कचेरी’ म्हणायचा मोह होईल. लॅव्हनमचा 1530 च्या सुमाराचा गिल्डहॉल कॉर्पस क्रिस्टी या धार्मिक गिल्डचा. सभासद बहुतेक कापडवाले, पण काम सणाची मिरवणूक, प्रार्थना आणि जेवणावळी यांचं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते मंडळ. अशी गिल्डं 1547 मध्ये बंद केली गेली आणि पुढे त्या इमारतीत तुरुंगही होता. ‘मंडळाचं सभागृह’ लिहा आणि पहिल्या वेळी एक ओळ खुलासा द्या.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘थोरल्या आळीतलं हे तीन खणी घर लाकडी सांगाड्याचं. भिंती कुडाच्या, वर चुना, आणि वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे काढलेला.’ तीन खण आणि हातभर हे माझ्या पदरचं, मूळ मजकुरात काय आहे ते बघून बदला.