बुरशीवर पोट भरेल का? एका संत्रा बागायतदाराच्या पत्राला उत्तर

नमस्कार भाऊ,

वरुड तालुक्यातून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पासाठी ती घरच्याच संत्र्यांच्या सालीवर अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवते, सतत बुरशीचे खाद्य बदलते आणि तरीही ‘एन्झाइम कमीच येते’, म्हणजे बुरशीने सोडलेले पाचक प्रथिन कमी मिळते, म्हणून हिरमुसून घरी येते. याला अभ्यास म्हणायचे का, आणि त्यापेक्षा बी.एड. करून शाळेत नोकरी बघावी का, असे तुम्ही विचारले आहे. स्पष्टच सांगतो, बुरशीचे खाद्य, म्हणजे संवर्धन माध्यम, सुधारणे हे या क्षेत्रातले मोलाचे काम आहे आणि ते नीट शिकलेल्या मुलीला त्यावर नोकरी मिळू शकते.

संत्र्याच्या सालीत पेक्टिन हा चिकट पदार्थ भरपूर असतो. तो खाता यावा म्हणून बुरशी पेक्टिनेज हे एन्झाइम बाहेर सोडते आणि फळांचा रस जास्त निघावा, तो नितळ व्हावा, यासाठी रसाचे कारखाने तेच वापरतात. मात्र सालीत तयार साखरही असते. आंबिया बहारासाठी तुम्ही झाडाला ताण देता, कारण पाणी चालूच राहिले तर झाड नुसते पालवीवर जाते; बुरशीचेही तसेच आहे, आयती साखर मिळाली की तिची वाढ जोमदार दिसते, पण अनेक जातींमध्ये एन्झाइम तयार होणे दबून राहते. म्हणून साल वाळवण्याआधी पाण्याने धुऊन साखर कमी करावी, म्हणजे बुरशीच्या वाढीला अडथळा आणणारे सालीतले तेलही काही प्रमाणात कमी होते. वाळलेल्या सालीच्या भरड भुकटीत गव्हाचा कोंडा मिसळावा, नत्रासाठी अमोनियम सल्फेटचे द्रावण घालावे आणि ओलावा फार काळजीपूर्वक ठेवावा. मिश्रण गचगचीत झाले की कणांमधली हवा कोंडते, कोरडे राहिले की बुरशी धरतच नाही. चंबूतल्या मिश्रणाच्या वर बीजाणूंची काळी भुकटी दाट दिसली म्हणजे एन्झाइम भरपूर आले, असे समजू नये. ते बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, उतरवून, गाळून, एन्झाइमने मोकळी केलेली साखर दाखवणाऱ्या डीएनएस चाचणीत येणारा तांबूस रंग 540 नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजल्याशिवाय काहीच ठरत नाही.

माध्यमाने किती फरक पडतो, याचे उदाहरण पेनिसिलिनचे आहे. 1941 मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा अर्क बुरशीच्या माध्यमात घातला गेला आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. एन्झाइमच्या कारखान्यांतही कच्चा माल स्वस्त ठेवून दर किलोमागे एन्झाइम वाढवणारा माणूस लागतोच.

तिच्या कामात मला एक उणीव दिसते. पत्रावरून ती एका वेळी एकच घटक बदलून पाहते आहे. त्यात वेळ जातो आणि दोन घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम सुटून जातो. 1946 पासून वापरात असलेल्या प्लॅकेट-बर्मन आराखड्यात केवळ 12 प्रयोगांत 11 घटकांपर्यंत चाचपणी करता येते. त्यातून पुढे आलेल्या दोन-तीन घटकांचे योग्य प्रमाण रिस्पॉन्स सरफेस पद्धतीने काढतात. हे संख्याशास्त्र तिने आताच शिकावे. मुलाखतीत ‘बुरशी वाढवली’ या वाक्याला फारशी किंमत नसते. ‘दर ग्रॅम कोरड्या मालामागे एन्झाइम इतक्या युनिटवरून इतक्या युनिटवर नेले, प्रत्येक प्रयोग तीनदा केला, ही माझी वही’ असे सांगणारी मुलगी लक्षात राहते. जाहिरातीतल्या महिनाभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर मात्र पैसे घालू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे प्रयोग घरात किंवा गोठ्यात करू देऊ नका. या बुरशीचे बीजाणू श्वासातून जाणे चांगले नाही, आणि आपोआप उगवलेल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी जातही असू शकते. ओळख पटलेली शुद्ध जात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून महाविद्यालयामार्फत मागवता येते.

बी.एड.चा मार्ग पदव्युत्तर पदवीनंतरही मोकळा राहतो, म्हणून आधी एम.एस्सी. करू द्या. अमरावती आणि नागपूर या दोन्ही विद्यापीठांत तो अभ्यासक्रम आहे, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहील. नोकरीसाठी मात्र तिला जिल्ह्याबाहेर, बहुधा पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा गुजरातकडे जावे लागेल आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असेल. याची घरात आताच चर्चा करा, नंतर तिच्या पायात बेडी घालू नका. मोठ्या संस्थांसाठी आयआयटीची जॅम ही एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा फेब्रुवारीत होते. जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात बारावीच्या पातळीचे गणित आणि भौतिकशास्त्र येते, तेव्हा ती जुनी पुस्तके रद्दीत दिली नसतील तर तिने आजच बाहेर काढावीत.