वर्गातली पोरं मुलाला इन्स्टावर छळतात, त्याचा फोन काढून घ्यावा का?

नका घेऊ. आम्ही घेतला होता म्हणून सांगून राहिले.

2023 ची गोष्ट, मुलगा नववीत होता. आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. गॅदरिंगमध्ये त्याचा एक फोटो निघाला, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, शिंक येताना होते ना तसं. पोट्ट्यांनी त्याचं स्टिकर केलं, तोवर तो पण हसला. मग तोच फोटो लावून त्याच्या नावानं अकाऊंट निघालं अन् त्यावरून वर्गातल्या मुलींना घाण मेसेज जायला लागले. मुलींना वाटलं हाच पाठवते. एकीची आई मला भाजी घेताना दिसली अन् तोंड फिरवून गेली, तेव्हा मला समजलं की काहीतरी होऊन राहिलं.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणाले, मोबाईलच नाही राहिला तर कोण काय करते? झालं, फोन कपाटात. अकाऊंट मात्र चालूच, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. स्टोरी 24 तासांत जाते, त्या पंधरा दिवसांत काय काय टाकलं त्याचा एक स्क्रीनशॉट आमच्याजवळ नाही. पोरगा रोज शाळेत जायचा अन् आज सगळे काहून हसून राहिले हे त्यालाच माहीत नसायचं. काटोलच्या मामेभावाशी रोज रात्री बोलायचा, तेही बंद. डबा तसाच परत यायचा, एकदा उघडला तर पोळीची घडीसुद्धा मोडली नव्हती. किती विचारलं तेव्हा म्हणाला, तुम्हाला पण वाटते ना मीच पाठवले? फोन काढून घेतला त्याचा अर्थ त्यानं हा लावला होता. ते वाक्य मी अजून विसरली नाही.

शेवटी वर्गातल्याच एका मुलीनं स्क्रीनशॉट दिले. शाळेनं शाळेबाहेरचं आहे म्हणून हात वर केले. आम्ही इन्स्टावरच तोतयेगिरीचा रिपोर्ट केला, 2021 च्या आयटी नियमांत अशा तक्रारीला तेव्हा 24 तासांची मुदत होती, अन् सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साईटवर तक्रार टाकली. अकाऊंट दुसऱ्या दिवशी गेलं. भासरे आजही कोणाचं असं काही ऐकलं की आयटी कायद्याचं 66ए लावा म्हणतात, ते कलम सुप्रीम कोर्टानं 2015 मध्येच रद्द केलं, भाऊजी, किती वेळा सांगायचं. खोट्या नावानं वावरणाऱ्यासाठी 66सी, 66डी आहेत.

तर तुम्ही आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात युजरनेम अन् तारीख दिसली पाहिजे, ब्लॉक नंतर करा. आधी ब्लॉक केलं की पुरावा शोधत बसावं लागते. छळणाऱ्या पोराच्या घरी तावातावानं जाऊ नका, आमच्याकडं त्यानं प्रकरण वाढलं असतं, पण तुमची त्या घरच्यांशी ओळख असेल तर तुम्हीच ठरवा.

हां, एक राहिलं. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा मरायचं बोलला असेल तर हे सगळं नंतर, आधी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, मराठीत बोलतात. अन् फोन रात्री हॉलमध्ये ठेवायला लावायचा असेल तर लावा, आम्ही ठेवतो, पण मग घरातल्या सगळ्यांचेच तिथं ठेवा, फक्त त्याचा नाही.