वाचकांचे प्रश्न: एका हातातलं कसब दुसऱ्या हातात

प्रश्न: आमच्या गावात सहभागी कलाप्रकल्प करायचा आहे. गावकऱ्यांनी एकमेकांना कसब शिकवायचं आणि त्यातून सगळ्यांची मिळून एक गोधडी करायची. पण पहिल्याच बैठकीत जो तो म्हणतो, 'मला काही येत नाही.' सुरुवात कुठून करू?

'तुम्हाला काय येतं?' हा प्रश्नच विचारू नका. रोज दोर वळणाऱ्याला ते काही विशेष येतं असं वाटतच नाही. त्याऐवजी विचारा: अलीकडे घरात काय दुरुस्त केलंत? शेजारीपाजारी कुठल्या कामासाठी तुम्हाला हाक मारतात? पूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय आहे? उत्तर कार्डावर बोलणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. 'विणकाम' असं मोघम लिहू नका, 'खुर्चीची तुटलेली वीण भरणं' असं लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी कार्डाला दोऱ्याचा किंवा विणीचा छोटा नमुना बांधून ठेवा.

कार्डं दोन रंगांची हवीत, एक शिकवण्याचं आणि एक शिकण्याचं. प्रत्येकाकडून दोन्ही घ्यायचीच. नाहीतर चारपाच जण गुरुजी होतात आणि बाकीचे प्रेक्षक. जोड्या लावताना समोरासमोरच्या अदलाबदलीचा हट्ट धरू नका. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवलं तरी चालतं. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकापासून उभी राहिलेली ज्ञानविनिमयाची जाळी याच तत्त्वावर चालतात: प्रत्येकजण देतो आणि घेतोही, पण ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परतफेड करण्याची सक्ती नसते.

प्रश्न: आमची सामूहिक गोधडी मधोमध फुगली आहे आणि ओळीही एकमेकींशी जुळत नाहीत. काय चुकलं?

इथे दोन वेगवेगळे दोष आहेत. आधी फुगवट्याचं बघू. माणसं गोधडीच्या चहूबाजूंनी बसतात आणि हाताशी येईल तिथे टाके घालतात. काठाला टाके दाट पडतात आणि मध्य विरळ राहतो. दाट टाक्यांनी कापड आक्रसतं, मग मधलं मोकळं कापड वर येतं. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक काठी लावून गोधडी गुंडाळायची, मधला पट्टा उघडा ठेवायचा आणि आधी तोच भरायचा. तो झाला की एका बाजूची गुंडाळी थोडी सोडायची. त्याआधी अस्तर, मधला थर आणि वरचं कापड यांना मध्यापासून कडेकडे, दर १० सें.मी.वर कच्चा धावदोरा घाला. अस्तर चारही बाजूंनी ५ सें.मी. जास्त ठेवा, शिवताना ते आत ओढलं जातंच.

ओळी न जुळण्याचं मूळ कापणीत असतं. सगळं कापड आधी गरम पाण्यातून काढून वाळवा, कारण नवं आणि जुनं कापड सारखं आटत नाही. चौकोन ३६ सें.मी.चे कापून वाटा आणि भरतकामाची जागा मधल्या २६ सें.मी.तच आखून द्या. भरताने कापड आखडतं, म्हणून अंतिम माप भरत झाल्यावरच घ्यायचं. उलट्या बाजूने इस्त्री करा आणि जाड पुठ्ठ्याचा एकच साचा वापरून चौकोन ३२ सें.मी.वर कापा. साच्याची कड उभ्या धाग्याला समांतर हवी. तिरपा कापलेला चौकोन हातात धरला तरी ताणतो.

शिवण १ सें.मी. आत येऊ द्या. तीही पेन्सिलने आखून घ्या, कारण प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. पाच चौकोनांच्या ओळीत चार शिवणी येतात. दर शिवणीत दोन्ही बाजूंनी २ मि.मी. जादा कापड गेलं की ओळ १६ मि.मी. आखूड झालीच. म्हणून ओळी एकमेकींना जोडण्याआधी प्रत्येक ओळ मोजा, ती १५२ सें.मी. भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण उसवा. ओढून जुळवलेली ओळ पुढे सुरकुततेच.

प्रश्न: शिकवणारे फार पटकन करून दाखवतात, वर शिकणाऱ्याच्या हातातलं काम घेऊन स्वतःच पुरं करतात. त्यांना न दुखावता कसं थांबवावं?

दोघांना दोन स्वतंत्र वस्तू द्या. एकच वस्तू असली की ती जाणत्या हाताकडेच जाते. आणि त्यांना समोरासमोर न बसवता शेजारी-शेजारी बसवा. समोरून सगळं उलटं दिसतं, डावं-उजवं मनात फिरवण्यातच शिकणाऱ्याची शक्ती जाते. फक्त डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताच्या शिकवणाऱ्यासमोर बसावं, त्याला ते आरशातल्यासारखं सरळ दिसतं. एकाकडे तीनपेक्षा जास्त शिकणारे नकोत.

दोर वळणं शिकवताना मुद्दाम चुकलेला नमुनाही जवळ ठेवा. प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ देऊन सगळे पदर उलट दिशेने एकत्र वळतात. दोन्ही पीळ एकाच दिशेचे झाले तर हात सुटताच दोर उलगडतो. नवे तंतू जोडताना सगळ्या पदरांचे जोड एकाच ठिकाणी आले की दोर नेमका तिथेच तुटतो. असा दोर शिकणाऱ्याच्या हातात द्या आणि दोष त्यालाच शोधू द्या.

प्रश्न: शिकवणाऱ्याला मोबदला काय द्यावा? तयार झालेली गोधडी कोणाची?

कलाकाराला मानधन मिळणार असेल तर शिकवणाऱ्यालाही मिळालंच पाहिजे. त्याला 'सहभागी' म्हणून फुकटात राबवणं अन्यायाचं आहे. पैसे नसतील तर तोलामोलाची देवघेव ठरवा. आंट्ये शिफर्स या जर्मन चित्रकर्ती शेतकऱ्याला त्याच्या शेताचं चित्र काढून देतात आणि तो बदल्यात स्वतःच्या कामाचं चित्रीकरण करून देतो. दोघांनाही आपापलं कसब वापरावं लागतं.

गोधडी कुठे राहील, विकली तर पैसे कसे वाटायचे, फोटो कोण वापरू शकेल, हे पहिला टाका पडण्याआधी सर्वांसमोर मोठ्याने वाचून कागदावर घ्या. नावं अस्तरावर भरा, आणि प्रत्येक नावाखाली ते कसब कोणाकडून शिकलं तेही भरा.