एक्झॉस्ट फॅनचं बटण लावलं की दिवाच लागतो आणि फॅन फिरत नाही, असं का होतं?

मोटार जळलेली नाही, आणखी एक फॅन आणू नका. तुम्ही लिहिलंय की नुसतं फॅनचं बटण लावलं तर दिवा लागतो आणि फॅन गुणगुणत बसतो, दोन्ही बटणं लावली तर दिवा नीट लागतो पण फॅन एकदम गप्प, आणि नवा फॅन बसवूनही तेच. अगदी हेच आमच्या घरी झालं होतं आणि त्यावरून बरंच वाजलंही होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या फॅनला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, मिळतच नाहीये. फॅनची परतीची वायर न्यूट्रलला न जोडता दिव्याच्या बटणाकडून होल्डरला जाणाऱ्या वायरीला जोडली गेली आहे. त्यामुळे नुसतं फॅनचं बटण लावलं की करंट फॅनमधून जातो, तिथून दिव्यात आणि मग न्यूट्रलला. म्हणजे दोघं सीरीजमध्ये आले. ३० वॉटच्या फॅनला २३० व्होल्टवर साधारण ०.१३ अँपिअर लागतात, ९ वॉटचा एलईडी त्याहून बराच कमी करंट जाऊ देतो. दिव्याचं तेवढ्यात भागतं, फॅनचं भागत नाही. पूर्वीचा पिवळा बल्ब असता तर फॅन रडतखडत का होईना फिरला असता. दोन्ही बटणं लावलीत की फॅनच्या दोन्ही टोकांना फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, येते, मग तो फिरणार कशाच्या जोरावर?

खात्री करायला काहीही उघडावं लागत नाही. दोन्ही बटणं बंद करून होल्डरमधला दिवा काढा आणि मग नुसतं फॅनचं बटण लावा. गुणगुणणंही थांबलं असेल तर फॅनचा रस्ता दिव्यातूनच जातोय.

आमच्याकडे हे कळलं ते सासूबाईंमुळे. त्या स्टुलावर चढून फॅनची जाळी पुसत होत्या. फॅनचं बटण बंद होतं, त्यांनी ते स्वतः बंद केलं होतं. उजेडासाठी दिवा मात्र चालू होता. जाळीच्या लोखंडी पट्टीला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. माझे दीर म्हणाले, ओला हात असेल, वयामुळे तसं वाटतं. मला त्या वाक्याचा राग आजही आहे. बटण बंद असताना बाईला झटका बसतोय आणि आपण तिचं वय काढतोय!

भावजींनी टेस्टर लावला. दोन्ही बटणं चालू ठेवून त्यांनी फॅनच्या दोन्ही वायरींना तो टेकवला, दोन्हीकडे पेटला. "वहिनी, दोन्ही वायरींत करंट येतोय, आत शॉर्ट झालाय, फॅनच बदलू." मी म्हटलं, "शॉर्ट असता तर एमसीबी पडला असता, भावजी." त्यावर ते हसले आणि वायरमनला फोन लावला. वायरमननेही टेस्टरच लावला, फॅन बदलला, पैसे घेतले आणि गेला. फॅन फिरला नाहीच. मग म्हणे पाइपातल्या वायरी जळल्या असतील, सीलिंग फोडावं लागेल.

माझे वडील मोटारी वाइंडिंग करायचे. होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला बल्ब त्यांच्या पिशवीत कायम असायचा. तसा टेस्ट लॅम्प मी करून घेतला. दोन्ही बटणं चालू, लॅम्पची टोकं फॅनच्या दोन वायरींना लावली : लॅम्प लागला नाही. मग एक टोक दिव्याच्या होल्डरच्या न्यूट्रलवर ठेवून दुसरं फॅनच्या एकेका वायरीला लावलं : दोन्ही वेळा लख्ख लागला. म्हणजे दोन्ही वायरी फेज, न्यूट्रल एकही नाही. टेस्टर हे सांगूच शकत नाही. जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज आहे एवढंच तो दाखवतो. वायर तुटलेली असो, चुकीची जोडलेली असो, त्याच्या निऑनला पेटायला नखभर करंट पुरतो.

एमसीबी पाडून जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींचे सांधे असलेला डबा, उघडला. आत सगळ्या वायरी लालच, एकाच बंडलातून ओढलेल्या. फॅनची परतीची वायर दिव्याच्या फेजला पीळ देऊन टेपमध्ये गुंडाळलेली होती, न्यूट्रलचा जॉइंट तिथून चार बोटांवर. ती वायर सोडवून न्यूट्रलला लावली आणि फॅन फिरला. काढून ठेवलेला जुना फॅनही पुन्हा बसवून पाहिला, तोही ठणठणीत. सासूबाईंच्या झिणझिण्यांचा उलगडाही झाला : दिवा चालू असला की फॅनचं बटण बंद ठेवूनही फेज उलट्या बाजूने फॅनच्या वाइंडिंगमध्ये येत होती, दमट वाइंडिंगमधून पत्र्यात उतरत होती, आणि पत्र्याला अर्थिंग जोडलेलंच नव्हतं.

म्हणून तुमचा फॅन फिरत नाही ही दुय्यम गोष्ट आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्या फॅनला कुणीही हात लावू नये, पुसायलाही नाही, बटण बंद असलं तरी.

बटणं बंद करून काढलेला दिवा परत लावला, नुसतं फॅनचं बटण लावलं आणि फॅन तरीही गुणगुणत नसेल, किंवा दोन्ही बटणं लावल्यावरही गुणगुणत असेल, तर मामला वेगळा आहे. दोन्ही बटणं लावल्यावर गुणगुणत असेल आणि पातं काठीने ढकलल्यावर चालू लागत असेल तर कपॅसिटर किंवा अडकलेलं बेअरिंग बघा. फॅन टायमरवाला असेल तर त्याला कायमची फेज, बटणाची फेज आणि न्यूट्रल अशा तीन वायरी लागतात, तिथे गोंधळ आणखी सहज होतो.

हे आधीच लिहायला हवं होतं : टेस्ट लॅम्पचं काम चालू लाइनवर होतं. सवय नसेल तर करू नका, वायरमनला बोलवा आणि त्याला "फॅनची न्यूट्रल दिव्याच्या फेजवर गेली आहे, जंक्शन उघड" असं सरळ सांगा. टेस्टर काढायला लागला तर लॅम्प किंवा मल्टिमीटर आहे का विचारा. लॅम्पचं टोक अर्थिंगला लावू नका, आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर पडेल. बॉक्स उघडण्याआधी मेन बंद करा, कारण दिवा आणि फॅन वेगवेगळ्या एमसीबीवर असू शकतात. जाताना त्याच्याकडून फॅनच्या पत्र्याला अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही करून घ्या. भावजींनाही त्यांच्या नव्या घरासाठी मी हेच सांगितलंय, पण ते अजून टेस्टरच लावून बघतात.