घरोघरी जाऊन केशरचना करण्याच्या व्यवसायातून नियमित उत्पन्न कसे मिळवावे?

या व्यवसायात स्थिर उत्पन्नाचा खरा आधार नवे ग्राहक नसून ठरावीक काळाने पुन्हा बोलावणारे ग्राहक असतात. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढत असल्याने आखूड केसांना आकार देण्याची आणि मुळांना रंग लावण्याची गरज बहुधा ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा निर्माण होते. म्हणून निघण्यापूर्वीच पुढची तारीख नक्की करून घ्यावी.

दुसरा मुद्दा प्रवासाचा आहे, आणि दर ठरवताना नवखी माणसे नेमका तोच विसरतात. दोन घरांमधील वेळेचे पैसे कोणी देत नसल्यामुळे आठवड्यातील प्रत्येक वार एकेका भागासाठी राखून ठेवावा. एकाच इमारतीतील दोन-तीन जणांनी लागोपाठ वेळ घेतल्यास त्यांना थोडी सवलत देणेही परवडते. एखाद्या वृद्धाश्रमाशी महिन्यातील ठरावीक दिवस बांधून घेता आला, तर फारच उत्तम.

लग्नाची कामे हंगामी असतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर मासिक खर्च आखू नये. आगाऊ रक्कम मात्र अवश्य घ्यावी. रंग लावण्याच्या ४८ तास आधी त्वचेवर ॲलर्जीची चाचणी घ्यावी लागते (ही फेरी हिशेबात धरायची राहूनच जाते), तेव्हा ती त्याच भागातील दुसऱ्या कामाला जोडून घ्यावी.