इंजेक्शनच्या इंजिनाला कार्ब्युरेटर लावल्यावर कोणत्या वायरी काढता येतात?

डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) स्वतःचा मेकॅनिकल आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगीची वेळ आपोआप पुढे-मागे करणारी यंत्रणा, असेल, तर इंजेक्टर, थ्रॉटल सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), ऑक्सिजन सेन्सर, आयडल व्हॉल्व्ह आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांच्या सगळ्या वायरी काढता येतात. पेट्रोल मोजायचं त्यांचं काम आता कार्ब्युरेटर करतो. ठिणगीचं टायमिंग ईसीयू ठरवत असेल, तर मात्र तो, क्रँक सेन्सर आणि मॅप सेन्सर ठेवावेच लागतात. स्टार्टर, अल्टरनेटर, ऑइल प्रेशर, टेंपरेचर मीटर यांना हात लावू नका. रेडिएटरचा फॅन बऱ्याच गाड्यांत ईसीयूच चालू करतो. ईसीयू काढलात तर फॅनला वेगळा थर्मोस्विच (तापमान वाढलं की चालू होणारा स्विच) द्या. आणि पेट्रोलचा पंप नक्की बदला: इंजेक्शनचा पंप साधारण ३ बार दाब देतो, कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३ पुरतो. जास्त दाबाने पेट्रोल उतू जाऊन आग लागू शकते.